वाचक विचारतात: फ्रान्समधली जुनी वाइन इस्टेट बघायला जायचंय

या वेळी फ्रान्सच्या वाइन इस्टेटींवर बरेच प्रश्न आलेत, त्यातले एकसारखे एकत्र करून उत्तरं देतेय. पण सगळ्यांसाठी आधी एक गोष्ट सांगते, कारण निम्म्या पत्रांत एका दिवसात चार-पाच शातो (वाइन इस्टेट किंवा तिथला वाडा) बघायचा प्लॅन दिसला. तसं करू नका. दिवसाला एकच इस्टेट धरा आणि तिथं ग्लास हातात यायच्या आधी मळ्यात जा, जमीन बघा, उतार बघा, भिंत बघा. नुसत्या टेस्टिंगला गेलात तर दुसऱ्या दिवशी कुठे काय प्यायलो ते आठवत नाही, पण जमीन बघितलेली असली की चव त्या जागेसकट लक्षात राहते.

प्रश्न: आम्ही नवरा-बायको पहिल्यांदाच फ्रान्सला चाललोय. पॅरिसहून एक दिवस काढून एखादी खरोखर जुनी इस्टेट बघायचीय. बोर्डो की बरगंडी? वाइनमधलं आम्हाला फार काही कळत नाही, तिथं गेल्यावर अवघडल्यासारखं तर होणार नाही ना?

एकच दिवस असेल तर बरगंडीतलं क्लो द वुजो, म्हणजे दगडी भिंतीआतला जुना द्राक्षमळा आणि त्यातला शातो, बघा, मी तरी दुसरं काही सुचवणार नाही. पॅरिसहून दिजोंला फास्ट ट्रेननं दीड तासाच्या आसपास लागतो, पुढे दिजों ते बोन या लाइनवरच्या लोकल गाडीला वुजोचा स्टॉप आहे आणि स्टेशनवरून चालत जाता येतं, फक्त त्या छोट्या स्टेशनवर सगळ्याच गाड्या थांबत नाहीत म्हणून परतीची वेळ आधीच बघून ठेवा. आणि अवघडण्याचं म्हणाल तर इथं तो प्रश्नच येत नाही, शातो तिकीट काढून बघायचा असतो, म्युझियमसारखा. वाइन आता तिथं बनतच नाही, त्यामुळे कुणी तुमच्यासमोर ग्लास धरून परीक्षा घेत नाही.

गोष्ट अशी आहे की जवळच सितो नावाचा मठ आहे, १०९८ साली स्थापन झालेला, सिस्टर्शियन पंथाचा उगम तिथलाच. प्रार्थना आणि अंगमेहनत हा त्या साधूंचा नेम. बाराव्या शतकात त्यांना इथं जमिनी मिळत गेल्या, काही त्यांनी विकत घेतल्या, आणि मग शेकडो वर्षं ते एकच काम करत राहिले, वेली लावायच्या, कुठल्या तुकड्यातली वाइन कशी होते ते बघायचं आणि तो अनुभव पुढच्या पिढीच्या हातात द्यायचा. १३३६ पर्यंत सगळ्या मळ्याभोवती दगडी भिंत पूर्ण झाली, ती आजही आहे. आत साधारण ५० हेक्टर, म्हणजे सव्वाशे एकर. मधोमध जो शातो दिसतो तो नंतरचा, १५५१ चा, पण त्याला लागून असलेलं कोठार बाराव्या शतकातलं, साधारण २,००० बॅरल मावतील एवढं, जाड भिंतींचं, अर्धवट अंधारं. उन्हाळ्यात बाहेरून आत पाऊल टाकलं की अंगावर गार हवा येते. यंत्र नसताना त्यांनी ही थंडी नुसत्या भिंतींच्या जाडीवर आणि छतावर कशी साधली ते कोपऱ्यात उभं राहून नीट बघा.

पण माझा जीव खरा अडकतो तो दाबयंत्रांत. चौकोनी दालनाच्या चार कोपऱ्यांत चार प्रचंड लाकडी दाबयंत्रं उभी आहेत, ओक लाकडाची. आडवी तुळई एवढी जाड की दोन्ही हातांनी कवळ घातली तरी पुरत नाही, तिच्या एका टोकाला लाकडाचाच भलामोठा स्क्रू, माणसं तो फिरवत जायची तशी तुळई खाली यायची आणि द्राक्षांच्या चोथ्यावर दाब पडायचा. हाताच्या जोरावर चालायचं म्हणून दाब हळूहळू वाढायचा, बी फुटत नसे, आणि बी फुटलं की रसात कडवटपणा उतरतो. आजची आधुनिक यंत्रंसुद्धा हेच साधायला बघतात, हळू आणि हलका दाब. लाकडावरच्या तासणीच्या खुणा अजून दिसतात.

आता मळ्याची वाटणी कशी झाली ते. फ्रेंच राज्यक्रांतीत चर्चची मालमत्ता सरकारजमा झाली, मळा लिलावात गेला, तरी बराच काळ तो एका मालकाकडेच होता, पण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तुकडे पडले आणि त्यात फ्रान्सचा वारसा कायदा असा की सगळ्या मुलांना हिस्सा द्यावाच लागतो. आज त्या एका भिंतीच्या आत ८० च्या आसपास मालक आहेत. सातबाऱ्यावर ऐंशी नावं लागलेलं एकच शेत डोळ्यासमोर आणा, म्हणजे बरगंडी समजली. कुणाच्या वाट्याला काही ओळीच फक्त, कुणाकडे काही हेक्टर, आणि प्रत्येक जण आपली वाइन वेगळी करतो, बाटलीवर मात्र नाव एकच, क्लो द वुजो. शातोची इमारत १९४४ पासून शेवालिए द्यु तास्तव्हँ या मंडळाकडे आहे, १९३४ साली बरगंडीची वाइन विकली जात नव्हती तेव्हा तिथल्या लोकांनी एकत्र येऊन हे मंडळ काढलं, त्यांच्या मोठ्या मेजवान्या अजून तिथंच होतात.

शातो बघून झाला की भिंतीच्या कडेनं वरून खाली चालत या, हे मात्र चुकवू नका. वर शातोजवळ माती पातळ, खाली लगेच चुनखडी, पाणी थांबत नाही. खाली मोठ्या रस्त्याकडे येता येता जमीन सपाट होते, माती जड आणि चिकण होत जाते, पावसानंतर बुटाला चिकटते. वेल तीच, पिनो न्वार, दर्जाही कागदावर तोच, ग्रां क्रू म्हणजे सगळ्यात वरचा, पण वरच्या आणि खालच्या वाइनमध्ये फरक पडतो तो या उतारामुळे. बरगंडीतल्या अशा तुकड्यातुकड्याच्या जमिनींना २०१५ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली ती याच गोष्टीसाठी. पाय दुखत नसतील तर तिथून दोन-तीन किलोमीटरवर वोन रोमाने गाव आहे, गावाच्या वर रोमाने कोंतीचा तो प्रसिद्ध तुकडा, दोन हेक्टरसुद्धा नाही, कडेला बुटकी भिंत आणि दगडी क्रूस. आत शिरायचं नाही, तशी विनंतीची पाटीच आहे, रस्त्यावरून बघायचं. १७६० साली कोंतीच्या राजपुत्रानं तो घेतला म्हणून हे नाव.

प्रश्न: गेल्या वर्षी बोर्डोजवळच्या एका नावाजलेल्या शातोच्या फाटकावरून आम्हाला परत पाठवलं. एवढ्या लांबून गेलो होतो, फार वाईट वाटलं. हे लोक पर्यटकांना मुद्दाम टाळतात का?

वाईट वाटणं अगदी साहजिक आहे, एवढा प्रवास करून बंद फाटक बघणं कुणालाही लागेल. पण मुद्दाम टाळत नाहीत. बोर्डोजवळच्या मेडॉक भागातल्या बहुतेक मोठ्या शातोंत आधी वेळ ठरवल्याशिवाय आत घेतच नाहीत, कारण आत रोजचं काम चालू असतं आणि फिरवायला माणसं मोजकी असतात. काही ठिकाणी तर वाइनच्या धंद्यातल्या लोकांनाच वेळ मिळते. शनिवार-रविवार बंद, ऑगस्टमध्ये बंद, तोडणीच्या दिवसांत बंद, हेही तिथं नेहमीचं.

म्हणून काही आठवडे आधी ईमेल करा, इंग्रजीतून चालतो. किती जण, कुठली तारीख, कुठल्या भाषेत माहिती हवी एवढं लिहा आणि तुम्हाला त्या इस्टेटीतलं नेमकं काय बघायचंय ते एका ओळीत लिहा. ही ओळ महत्त्वाची. तळघर बघायचंय, गवंडीकाम बघायचंय, जमिनीबद्दल समजून घ्यायचंय, असं लिहिलेल्या मेलला उत्तर वेगळं येतं, असं मला कायम वाटत आलंय. वेळ मिळाली की वेळेवर पोचा, आणि आत गेल्याबरोबर समोरच्याला बोंजूर म्हणा, मगच पुढचं बोला, फ्रान्समध्ये तो साधा शिष्टाचार आहे आणि न पाळल्यास समोरचा माणूस गप्प होतो.

मोठ्या नावाचा हट्ट नसेल तर छोट्या घरगुती शातोंत जा. तिथं बरेचदा मालक स्वतः फिरवतो, हाताला मातीचा रंग असतो, आणि प्रश्न विचारलात की तासभर सोडत नाही.

प्रश्न: मी वाइन पीत नाही आणि शाकाहारी आहे, मिस्टरांना मात्र खूप हौस आहे. मी बरोबर जाऊन काय करू? नुसतं बसून राहावं लागेल का? आणि वाइनमध्ये अंडं घालतात असं ऐकलं, खरं आहे का?

ताई, तुम्ही जरूर जा, आणि बसून तर मुळीच राहू नका. न पिणाऱ्या माणसाला इस्टेट जास्त दिसते, कारण त्याचं लक्ष ग्लासात नसतं. टेस्टिंग नको म्हटलं तर कुणी आग्रह करत नाही, बऱ्याच ठिकाणी मुलांसाठी द्राक्षाचा रस ठेवलेला असतो तो मागा. आणि पिणाऱ्यांपैकीसुद्धा जे जाणकार असतात ते चव घेऊन शेजारच्या भांड्यात थुंकून टाकतात, ते तिथं अगदी रीतीला धरून आहे.

अंड्याचं खरं आहे. बोर्डोत रेड वाइन बॅरलमध्ये असताना ती नितळ करायला अंड्याचा पांढरा भाग घालायची जुनी रीत आहे, २२५ लिटरच्या एका बॅरलला पाच-सहा अंडी. पांढरा भाग हलकेच फेटून वाइनमध्ये सोडतात, त्यातलं प्रोटीन वाइनमधल्या तुरट टॅनिनला धरून हळूहळू तळाशी बसतं, वरची वाइन स्वच्छ होते आणि जीभ ओढणारा तुरटपणाही कमी होतो. उरलेल्या पिवळ्या बलकाचं काय करायचं म्हणून बोर्डोचे कानले नावाचे छोटे केक आले असं तिथले लोक सांगतात. अंडं गाळात निघून जातं, वाइनमध्ये तसंच राहत नाही, पण तुमच्यासाठी प्रश्न तत्त्वाचा आहे हे मी समजू शकते. सगळेच अंडं वापरत नाहीत, कुणी बेंटोनाइट माती वापरतात, कुणी काहीच न घालता वाइन आपोआप नितळू देतात, दुधातलं केसीन किंवा प्राण्यांचं जिलेटिनही वापरात आहे. बाटलीत अंड्याचा किंवा दुधाचा अंश शिल्लक असेल तर युरोपियन नियमानुसार तो लेबलवर लिहावा लागतो. जिलेटिनला मात्र तो नियम नाही, म्हणून घरच्यांसाठी बाटली घेताना थेट विचारा, नितळ करायला काय वापरता, त्यांना या प्रश्नाची सवय आहे.

आणि तुम्ही बघायचं काय, तर जुन्या तळघरात वाइन एका बॅरलमधून दुसऱ्यात काढायचं काम चालू असेल तर तिथंच थांबा. दर तीनेक महिन्यांनी हे करतात, तळाचा गाळ मागं ठेवायचा असतो. काही शातोंत अजून मेणबत्ती लावून करतात, धार काचेच्या छोट्या ग्लासात घेऊन ज्योतीसमोर धरायची, लाल माणकासारखी नितळ दिसते तोवर चालू, आणि त्यात पहिला धूसर तंतू दिसला की त्या क्षणी बंद. गाळ आला हे डोळ्यानं ठरवायचं, यंत्रानं नाही. तो माणूस बोलत नसतो, हालतसुद्धा नाही, आणि बघणारे आपोआप गप्प होतात. बॅरलचा मधला पट्टा लालसर दिसला तर तोही विचारा, सांडलेल्या वाइनचे डाग दिसू नयेत म्हणून तो भाग मुद्दाम वाइननंच रंगवलेला असतो.

प्रश्न: १८५५ च्या यादीबद्दल सगळे बोलतात. त्या यादीतलीच इस्टेट बघायला हवी का?

नाही, पण यादी काय आहे ते माहीत असावं. १८५५ साली पॅरिसला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं, तिसऱ्या नेपोलियनचा काळ, तेव्हा बोर्डोच्या दलालांनी वाइनला बाजारात मिळत आलेल्या भावांवरून शातोंच्या पाच पायऱ्या लावल्या. म्हणजे चव घेऊन नव्हे, भाव बघून. रेडमधले सगळे मेडॉकचे, अपवाद एकच, बोर्डोच्याच ग्राव भागातलं ओ ब्रियों. मोठा बदल एकदाच झाला, १९७३ मध्ये मूटन रॉथशिल्ड दुसऱ्या पायरीवरून पहिलीवर आलं. मूटनची लेबलं १९४५ पासून जवळपास दरवर्षी वेगळा चित्रकार करतो, २००९ चं आपल्या मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूरचं आहे.

मला विचाराल तर त्या यादीतलं एकच बघायचं असेल तर ओ ब्रियों, जागेसाठी. बोर्डोला लागूनच्या पेसाकमध्ये चारी बाजूंनी शहर आलंय, घरं, रस्ते, रेल्वे, आणि मध्ये खडीच्या उंचवट्यावर वेली. रोजनिशीसाठी प्रसिद्ध असलेल्या इंग्रज सॅम्युएल पेपिसनं १६६३ मध्ये लंडनच्या एका खानावळीत ही वाइन प्यायल्याची नोंद रोजनिशीत केलीय, आणि अमेरिकेचे तेव्हाचे फ्रान्समधले राजदूत थॉमस जेफरसन १७८७ मध्ये इथं येऊन माती बघून गेले. शहरात घरांच्या जागेला काय भाव असेल याचा विचार करा, आणि तरीही ही जमीन वेलींखालीच ठेवलीय, मला या गोष्टीचं फार कौतुक वाटतं. अर्थात इथंही आधी वेळ घ्यावीच लागते.

प्रश्न: थेट इस्टेटीतून बाटली स्वस्त मिळते ना?

बोर्डोच्या मोठ्या नावांकडे बहुतेक मिळतच नाही, स्वस्त तर लांबच. तिथली पद्धत शेकडो वर्षांची आहे, शातो माल व्यापाऱ्यांना देतो, मध्ये दलाल असतो, आणि बरीचशी वाइन बॅरलमध्ये असतानाच विकली जाते. छोट्या शातोंत आणि बरगंडीच्या घरगुती डोमेनमध्ये (तिथं इस्टेटीला डोमेन म्हणतात) मात्र दारात मिळते, भाव योग्य असतो, आणि त्या वर्षी पाऊस कसा होता ते विकणाराच सांगतो. टेस्टिंग फुकट दिलं असेल तर एखादी बाटली घ्यावी, तसा तिथला संकेत आहे. विमानात बाटली चेक-इन सामानात टाका, हातातल्या बॅगेत घेऊ देत नाहीत.

प्रश्न: कुठल्या महिन्यात जावं? तोडणी बघायचीय.

तोडणी साधारण सप्टेंबरात, उन्हाळे तापायला लागल्यापासून काही वर्षी ऑगस्टअखेरच सुरू होते. पण तोडणीत मोठ्या शातोंना तुमच्याकडे बघायला वेळ नसतो, म्हणून रस्त्यावरून बघा आणि आत जायचं जून-जुलैत ठेवा. जुलैच्या शेवटाकडे मण्यात पाणी उतरायला लागतं, एकाच घडात हिरवे, गुलाबी, जांभळे मणी असतात, ते बघण्यासारखं असतं. ओळीच्या टोकाला गुलाब दिसतील, भुरी वेलीआधी गुलाबावर दिसते म्हणून लावायचे, आता बहुतेक शोभेला. एप्रिलमधली थंडी अवघड, नवी फूट जळू नये म्हणून रात्रभर ओळींमध्ये मोठ्या मेणबत्त्या पेटवून लोक जागतात. जानेवारीअखेर गेलात तर बरगंडीत सेंट व्हिन्सेंटची जत्रा असते, १९३८ पासून दरवर्षी वेगळ्या गावात, आणि मळ्यांत छाटणी चालू असते, छाटलेल्या काड्या चाकावरच्या लोखंडी पिंपात जाळत माणूस पुढे सरकत जातो. नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी बोनच्या जुन्या धर्मार्थ हॉस्पिटलच्या वाइनचा लिलाव असतो, हॉस्पिटल १४४३ चं, लिलाव १८५९ पासूनचा. तेव्हा गावात राहायला खोली मिळणं मुश्किल, आधीच बुक करा.

एक नक्की विचारा, वेली कलमी आहेत का. एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा या मुळं खाणाऱ्या किडीनं फ्रान्सचे मळे उजाड केले आणि उपाय शेवटी अमेरिकन वेलीच्या खुंटावर फ्रेंच वेलीचं कलम करणं हाच निघाला. रोमाने कोंतीत बिनकलमी वेली १९४५ पर्यंत टिकवल्या होत्या, त्या उपटल्यावर १९४६ ते १९५१ तिथली वाइनच नाही.

प्रश्न: लहान मुलं, कपडे, गाडी, याबद्दल थोडं सांगाल का?

मुलं चालतात, पण वेळ ठरवतानाच सांगा. घड तोडून खायचे नाहीत, ओळीत शिरायचं ते विचारूनच. तळघरात १२ ते १४ डिग्री असतं, जुलैतसुद्धा स्वेटर ठेवा. खडीवर चालायचं म्हणून सपाट बूट घाला, आणि त्या दिवशी सेंट लावू नका, शेजारच्याला वाइनचा वास घेता येत नाही.

गाडीचं मात्र मनावर घ्या. फ्रान्समध्ये रक्तात लिटरमागे अर्धा ग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा आहे, नवीन लायसनवाल्यांना ०.२, आणि दोन-तीन टेस्टिंगमध्ये माणूस तिथवर सहज पोचतो. एकतर जो चालवणार त्यानं थुंकायचं, नाहीतर गाडीच नको. बोर्डोच्या सेंट जाँ स्टेशनवरून मेडॉककडे लोकल जाते, मार्गो आणि पोइयाक दोन्ही त्याच लाइनवर, मार्गो स्टेशनवरून शातोपर्यंत चालत जाता येतं. दुपारच्या गाड्या विरळ आहेत, म्हणून भेटीची वेळ सकाळची मागा.